साइट-टू-साइट व्हीपीएन टनेल: उभारणी, चाचणी आणि देखभाल – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन ठिकाणची नेटवर्क राउटरवरच्या टनेलने, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या कुलूपबंद वाटेने, जोडणाऱ्या आणि ती जोडणी रोज सांभाळणाऱ्या माणसांसाठी हे पान आहे. यातले बहुतेक प्रश्न मला फोनवर, घाईत विचारले गेलेले आहेत आणि त्यांची सुरुवात जवळपास नेहमी एकाच वाक्याने होते: "टनेल तर अप दिसतोय." उदाहरणांत मुख्य कार्यालयाचं नेटवर्क १०.१०.०.०/२४ आणि शाखेचं १०.२०.०.०/२४ धरलं आहे. टनेल उभारायच्या दोन पद्धतींपैकी भर आयपीसेकवर आहे, दुसरीचं, म्हणजे वायरगार्डचं, वेगळं काही असेल तिथे तसं लिहिलं आहे.

राउटरवर टनेल 'अप' आहे, पण पलीकडचं काहीच उघडत नाही. असं कसं होतं?

'अप'चा अर्थ एवढाच, की दोन राउटरांनी एकमेकांना ओळखलं आणि किल्ल्या ठरवल्या. त्या किल्ल्या वापरून एकही पॅकेट पलीकडे पोचलंय का, हे तो हिरवा दिवा सांगत नाही. म्हणून आधी दिव्याकडे न बघता आकडे बघा. प्रत्येक राउटर टनेलमागे दोन मोजण्या ठेवतो: किती पॅकेट कुलूपबंद करून बाहेर पाठवली आणि किती आत आलेली उघडली.

पलीकडच्या एखाद्या पत्त्याला पिंग (उत्तर मागणारं छोटं पॅकेट) चालू ठेवा आणि दोन्ही आकडे बघत राहा. बाहेर जाणारा आकडा हलत नसेल, तर दोष तुमच्याच बाजूला आहे. रूट चुकलाय, नॅटमधून (बाहेर जाताना पत्ता बदलण्यातून) सूट द्यायची राहिलीय किंवा फायरवॉलचा नियम आड येतोय. बाहेर जाणारा वाढतोय आणि आत येणारा शून्यावर अडलाय, तर पलीकडच्या माणसाला फोन करून त्याचे आकडे विचारा. त्याच्याकडे आत येणारा वाढत असेल, तर पॅकेट पोचतंय पण उत्तर परत फिरत नाहीये. त्याच्याकडेही शून्य असेल, तर वाटेत कुणीतरी ईएसपी (आयपीसेकची कुलूपबंद पॅकेट) अडवतंय. हे चार आकडे हाती आले, की निम्मा शोध संपलेला असतो. तोवर सेटिंगला हात लावू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आधी बदलून मग बघणाऱ्याला शेवटी मूळ दोष कोणता आणि आपण घातलेला कोणता, हे वेगळं करता येत नाही.

मी राउटरवरूनच पलीकडे पिंग केला, तो गेला नाही. म्हणजे टनेल बिघडलाय का?

बहुधा नाही. राउटर स्वतः पिंग करतो तेव्हा तो सहसा आपला बाहेरचा, म्हणजे वॅन बाजूचा पत्ता लावून पॅकेट पाठवतो. टनेलचा नियम मात्र सांगतो, की १०.१०.०.० कडून १०.२०.०.० कडे जाणारंच आत घ्या. वॅनचा पत्ता त्यात बसत नाही, त्यामुळे पॅकेट टनेलकडे वळतच नाही. पिंग करताना सोर्स म्हणून लॅन, म्हणजे आतल्या बाजूचा पत्ता, समजा १०.१०.०.१, द्या. जवळजवळ प्रत्येक राउटरमध्ये ती सोय असते.

त्याहून खरी चाचणी म्हणजे इकडच्या एका कॉम्प्युटरवरून तिकडच्या एका कॉम्प्युटरपर्यंत. तिथेही एक खोडा आहे. विंडोजचा फायरवॉल अनेकदा फक्त आपल्याच सबनेटमधल्या (पत्त्यांच्या गटातल्या) पिंगला उत्तर देतो. त्यामुळे टनेल ठणठणीत असूनही पिंग 'टाइम्ड आउट' दाखवतो आणि लोक तासभर राउटर खोदत बसतात. पलीकडे प्रिंटर किंवा मॅनेज्ड स्विच असेल तर त्याला पिंग करून बघा, आणि त्याला डिफॉल्ट गेटवे दिलेला आहे ना, तेही पाहा. गेटवे नसलेला प्रिंटर आपल्या खोलीत सगळ्यांना उत्तर देतो आणि बाहेरच्या कुणालाच नाही.

दोन्ही बाजूंच्या सेटिंगमध्ये नेमकं काय काय जुळावं लागतं?

आयपीसेकचं बोलणं दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात राउटर एकमेकांची ओळख पटवतात. तिथे आयकेईची (किल्ल्या ठरवणाऱ्या प्रोटोकॉलची) आवृत्ती, एन्क्रिप्शन, हॅश, डिफी-हेलमन गट (किल्ली ठरवायचं गणित) आणि प्री-शेअर्ड की (दोन्हीकडे आधीच लिहिलेली गुप्त किल्ली) किंवा सर्टिफिकेट जुळावं लागतं. दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष वाहतुकीचं ठरतं: पुन्हा एन्क्रिप्शन आणि हॅश, पीएफएसचा (नवी किल्ली जुनीपासून स्वतंत्र ठेवण्याचा) गट, आणि कोणत्या सबनेटकडून कोणत्या सबनेटकडे. सबनेटची जोडी दोन्हीकडे आरशातल्यासारखी उलटी हवी. एकाने /२४ आणि दुसऱ्याने /१६ लिहिलं, की काही राउटर एका दिशेने टनेल उभारू देतात आणि दुसऱ्या दिशेने नाकारतात. मग 'सकाळी चालतो, रीबूटनंतर चालत नाही' अशी विचित्र तक्रार येते. खरं कारण एवढंच असतं, की त्या वेळी सुरुवात कुणी केली.

लॉग वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. सुरुवात करणाऱ्या राउटरला नकार मिळाल्याचं फक्त कळतं. नकार का दिला, हे नकार देणाऱ्याच्या लॉगमध्ये असतं. म्हणून पलीकडचा लॉग मागवाच. 'नो प्रपोजल चोझन' म्हणजे अल्गोरिदमचा मेळ नाही. 'ऑथेंटिकेशन फेल्ड' म्हणजे किल्ली किंवा ओळख चुकली. 'टीएस अनअ‍ॅक्सेप्टेबल' म्हणजे सबनेटची जोडी जुळली नाही.

किल्ली तीच असून ऑथेंटिकेशन फसत असेल तर दोन गोष्टी तपासा. ईमेलमधून कॉपी करताना शेवटी एक स्पेस आली आहे का? आणि एक राउटर नॅटच्या मागे आहे का? तसा असेल तर तो ओळख म्हणून आपला आतला पत्ता सांगतो, आणि समोरचा त्याच्या सार्वजनिक पत्त्याची वाट बघत असतो. ओळख दोन्हीकडे हाताने लिहून टाका, प्रश्न मिटतो.

कोणते अल्गोरिदम निवडावेत?

आयकेई आवृत्ती २, एईएस-जीसीएम किंवा एईएस-२५६ सोबत एसएचए-२५६, आणि डिफी-हेलमन गट १४, १९ किंवा २०. आयकेईची पहिली आवृत्ती २०२३ मध्ये अधिकृतपणे इतिहासजमा झाली आहे. ट्रिपल डीईएस, एमडी५ आणि १०२४ बिटांचा गट २ जुन्या सेटिंगमध्ये दिसले, तर बदलायची तारीख आजच ठरवा. दहा पर्याय टिक करून ठेवू नका. दोन्ही बाजूंना एकच संच ठेवला, तर चूक शोधायलाही सोपं जातं.

टनेल उभा राहतो, छान चालतो आणि बरोबर तासाने पडतो. पुन्हा आपोआप येतो. काय चुकतंय?

या प्रश्नावर मी स्वतः दोन दिवस घालवले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

एका शाखेतून तक्रार होती, की दर तासाला फोन कॉल तुटतात. इंटरनेट लाइनवर एकही पॅकेट हरवत नव्हतं. राउटरच्या पानावर टनेल हिरवा. शेवटी लॉगमधल्या वेळा कागदावर उतरवल्या, तेव्हा दिसलं की तुटण्याच्या काही मिनिटं आधी दर वेळी 'नो प्रपोजल चोझन' येत होतं. टनेल चालू असताना प्रपोजल नाकारायचं कारणच काय?

कारण असं. आयकेई आवृत्ती २ मध्ये पहिली वाहतूक-किल्ली ओळख पटवण्याच्या देवाणघेवाणीतच तयार होते, तिच्यासाठी वेगळी डिफी-हेलमन फेरी होत नाही. म्हणजे दुसऱ्या टप्प्यातला पीएफएसचा गट दोन्हीकडे वेगळा असला, तरी टनेल पहिल्यांदा बिनबोभाट उभा राहतो. तो गट पहिल्यांदा वापरला जातो किल्ली बदलताना, म्हणजे रीकीच्या वेळी. आमच्याकडे एका बाजूला गट १४ होता, दुसऱ्या बाजूला १९. दर ३६०० सेकंदांना जुनी किल्ली संपायची, नवी ठरायची नाही, आणि सगळा टनेल पाडून पुन्हा उभारेपर्यंत चालू कॉल गेलेला असायचा.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो: रीकी बघितल्याशिवाय नवा टनेल कुणाच्या ताब्यात द्यायचा नाही. दुसऱ्या टप्प्याचा लाइफटाइम (किल्लीचं आयुष्य) तात्पुरता ३०० सेकंदांवर आणा, सलग पिंग लावा आणि दोन-तीन रीकी डोळ्यांसमोर होऊ द्या. एकही पिंग हरवला नाही, तर लाइफटाइम परत जागेवर न्या. बऱ्याच राउटरांत रीकी हाताने घडवून आणायची कमांडही असते.

आवृत्ती २ मध्ये लाइफटाइमची बोलणी होत नाहीत, प्रत्येक बाजू आपापला पाळते. त्यामुळे ते वेगळे असले तरी बिघडत नाही. पहिल्या आवृत्तीत मात्र दोन्हीकडे सारखे ठेवलेले बरे.

पिंग जातो, लॉगिनचं पानही उघडतं, पण फाइल कॉपी अडकते. का?

हे एमटीयूचं, म्हणजे लाइनवर मावणाऱ्या सर्वांत मोठ्या पॅकेटच्या आकाराचं, ठरलेलं लक्षण आहे. लहान पॅकेट जातात, भरलेली जात नाहीत. साध्या लाइनवर १५०० बाइटचं पॅकेट मावतं, पण आयपीसेक त्याला वरून नवं पाकीट चढवतो आणि आतली जागा कमी होते. मोठं पॅकेट मावत नाही तेव्हा वाटेतल्या राउटरने 'लहान पाठव' असा आयसीएमपी निरोप द्यायचा असतो. तो निरोप कुणी सुरक्षेच्या नावाखाली अडवला, की पाठवणारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

मोजायचं कसं? पिंगमध्ये 'तुकडे करू नका' हा पर्याय लावा आणि आकार १४७२ पासून खाली आणत जा. पिंगचा आकार म्हणजे फक्त आतला मजकूर, त्यावर २८ बाइटचे हेडर असतात, म्हणून १४७२ म्हणजे पूर्ण १५००. समजा १३९४ जातो आणि १३९५ जात नाही. तर टनेलमधून १४२२ बाइटचं पॅकेट मावतं. नॅट ट्रॅव्हर्सलसकट एईएस-सीबीसी आणि एसएचए-२५६ असेल, तर नेमका हाच आकडा येतो. टीसीपीचे आणि आयपीचे मिळून ४० बाइट वजा केले, की एमएसएस (एका टीसीपी पॅकेटमधला जास्तीत जास्त मजकूर) १३८२. मी थोडी मोकळी जागा ठेवून राउटरवर एमएसएस १३६० ला बांधतो. लाइन पीपीपीओईची (लॉगिन करून जोडली जाणारी) असेल तर सुरुवातच १४९२ पासून होते, तेव्हा मोजल्याशिवाय दुसरीकडचा आकडा चिकटवू नका. आणि हे बंधन टीसीपीपुरतंच आहे. मोठी यूडीपी पॅकेट पाठवणारं काही असेल, तर टनेल इंटरफेसचा एमटीयूही नीट लावायला हवा.

पॉलिसीवर चालणारा टनेल घ्यावा की रूटवर चालणारा?

दोन्ही राउटरांना जमत असेल तर रूटवरचा. त्यात टनेल हा एक साधा इंटरफेस दिसतो. नवं सबनेट आलं तर एक रूट वाढवायचा, त्यावरून ओएसपीएफ किंवा बीजीपी (रूट आपोआप कळवणारे प्रोटोकॉल) चालवता येतं आणि दुसरा टनेल राखीव ठेवणं सोपं जातं. पॉलिसीच्या टनेलमध्ये कोणतं सबनेट कुणाशी बोलेल ते जोड्यांनी लिहावं लागतं; इकडे चार आणि तिकडे तीन सबनेट असली, की बऱ्याच राउटरांवर बारा जोड्या होतात. त्यातली एक चुकीची लिहिली गेली, तर फक्त त्या दोन सबनेटांचं बोलणं बंद पडतं, बाकी सगळं सुरळीत दिसतं.

आमच्या एका बाजूला सार्वजनिक आयपी नाही. टनेल होईल का?

होईल. राउटरच्या वॅनवर १०० ने सुरू होणारा, १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ मधला पत्ता दिसला, तर तुम्ही सेवा पुरवठादाराच्या सामायिक नॅटमागे आहात. तिथल्या राउटरनेच दर वेळी सुरुवात करायची आणि सार्वजनिक पत्ता असलेल्याने फक्त उत्तर द्यायचं. नॅट ट्रॅव्हर्सल चालू ठेवा, म्हणजे सगळं यूडीपी ५०० आणि ४५०० मधून जाईल. कीपअलाइव्हही (ठरावीक वेळाने जाणारं छोटं पॅकेट) लावा, नाहीतर नॅटमधली नोंद पुसली जाते आणि पलीकडून येणारं पॅकेट दारातच अडतं. दोन्ही बाजू अशा नॅटमागे असतील, तर सार्वजनिक पत्ता असलेलं तिसरं ठिकाण मध्ये घ्या आणि दोघांचे टनेल तिथे आणा.

नॅट नसतानाही वाटेत ईएसपी अडवला जात असेल, तर नॅट ट्रॅव्हर्सल सक्तीने चालू करून बघा. ईएसपी हा पोर्ट नव्हे, ५० क्रमांकाचा स्वतंत्र प्रोटोकॉल आहे. फायरवॉलमध्ये 'टीसीपी ५०' उघडून ठेवलेलं मी अनेकदा पाहिलं आहे; त्याचा काही उपयोग नाही.

दोन्हीकडे १९२.१६८.१.०/२४ आहे. आता?

खरं उत्तर: एका बाजूचे पत्ते बदला. त्रास एकदाच होतो. ते शक्यच नसेल तर दोन्ही राउटरांवर एकास-एक नॅट लावून प्रत्येक बाजूला पलीकडे वेगळाच पत्ता दाखवा. चालतं, पण पुढे प्रत्येक बिघाडात खरा पत्ता कोणता आणि दाखवलेला कोणता, हा हिशेब मांडत बसावं लागतं. नव्या जागेचं नेटवर्क आखत असाल तर १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ या दोन श्रेणी टाळाच.

टनेल मिनिटभर पडला आणि परत आला, पण आयपी फोन नोंदणी करत नाहीत. राउटर रीबूट केला की चालतात.

टनेल पडला त्या मिनिटात फोनची पॅकेट डिफॉल्ट रूटने थेट इंटरनेटकडे गेली. राउटरने त्यांना नॅट लावून सेशन नोंदवलं. फोन दर काही सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करत राहतो, त्यामुळे ते चुकीचं सेशन कधी कालबाह्यच होत नाही, आणि टनेल परत आला तरी पॅकेट जुन्याच वाटेने जातात. रीबूटने सेशन पुसली जातात, म्हणून 'चालतं'.

तात्पुरता उपाय म्हणजे तेवढी सेशन पुसा. कायमचा उपाय म्हणजे पलीकडच्या सबनेटसाठी एक ब्लॅकहोल रूट, ज्याचं डिस्टन्स (जास्त आकडा म्हणजे नंतरची पसंती) टनेलच्या रूटपेक्षा जास्त असेल, उदाहरणार्थ २५४. टनेल असताना तो झोपून राहतो. टनेल पडला की पॅकेट तिथेच संपतात, बाहेर जात नाहीत. खासगी पत्त्यांची वाहतूक उघड्यावर जाऊ नये यासाठीही हा रूट हवा. प्रत्येक टनेलसोबत तो लावायचा.

लाइन १०० एमबीपीएसची आहे, टनेलमधून त्याच्या पाव वेगही मिळत नाही. दोष कुणाचा?

फाइल कॉपीवरून वेग ठरवू नका. दोन्ही टोकांना एकेक कॉम्प्युटर घेऊन आयपर्फ३ (वेग मोजायचं साधन) चालवा, आधी सरळ मग उलट दिशेने, एका प्रवाहाने आणि मग आठ प्रवाहांनी. त्या वेळी दोन्ही राउटरांचा सीपीयू बघत राहा. तो शंभर टक्क्यांना टेकत असेल तर एन्क्रिप्शन त्याला झेपत नाहीये. हार्डवेअर प्रवेग बंद आहे का, किंवा निवडलेला अल्गोरिदम त्या चिपला येत नाही का, ते पाहा.

एका प्रवाहाला कमी आणि आठांना पूर्ण वेग मिळत असेल, तर कारण अंतर आहे. ६४ केबीची टीसीपी विंडो (पोच येण्याआधी पाठवता येणारा डेटा) आणि १०० मिलिसेकंदांचा फेरा असेल, तर एका प्रवाहाला साधारण ५.२ एमबीपीएसच मिळतात, मग लाइन कितीही मोठी असो. तिथे राउटर बदलून काही होणार नाही, विंडो वाढवायला हवी.

वायरगार्ड वापरलं तर हे सगळं सुटेल का?

प्रपोजल जुळवण्याचं सुटेल, कारण तिथे निवडायला अल्गोरिदमच नाहीत. मार्च २०२० पासून ते लिनक्स कर्नलमध्ये आहे आणि छोट्या राउटरांवरही चांगलं पळतं. पण त्यात 'अप' आणि 'डाउन' अशी अवस्थाच नाही. इंटरफेस कायम चालू दिसतो, आणि किल्ली चुकली तर समोरचा काही न बोलता पॅकेट टाकून देतो. म्हणून शेवटचा हँडशेक कधी झाला, ते बघा. वाहतूक चालू असताना तो साधारण दर दोन मिनिटांनी नवा होतो. तीन मिनिटांहून जुना दिसला आणि पिंग चालू असेल, तर काहीतरी बिनसलंय. 'अलाउड आयपीज'मध्ये पलीकडची सगळी सबनेट लिहा, कारण तीच यादी रूटचंही काम करते आणि आत येणाऱ्या पॅकेटच्या चाळणीचंही. नॅटमागच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद पुरतं.

दूरच्या राउटरवर टनेलची सेटिंग बदलायची आहे. काय काळजी घ्यावी?

ज्या टनेलवर बसला आहात तोच टनेल बदलू नका. शाखेच्या राउटरला दुसऱ्या वाटेने पोचायची सोय आधी करा: ठरावीक पत्त्यांपुरतं उघडलेलं वॅनवरचं एसएसएच, नाहीतर मोबाइल डेटावरचा एखादा मोडेम. मग परतीची व्यवस्था लावा. ज्युनिपरमध्ये 'कमिट कन्फर्म्ड' आहे, मिक्रोटिकमध्ये 'सेफ मोड'. सिस्कोवर दहा मिनिटांनंतरचा रीलोड लावून ठेवा आणि सगळं जमल्यावर तो रद्द करा. तोवर कॉन्फिगरेशन सेव्ह करायचं नाही, नाहीतर रीलोडनंतर तीच चूक परत वर येते. बदलाआधीची प्रत राउटरबाहेर जपून ठेवा. दूरची बाजू आधी बदला, जवळची नंतर.

प्री-शेअर्ड की कशी असावी?

प्रत्येक टनेलला वेगळी, मशीनने बनवलेली, किमान ३२ अक्षरांची. ज्या ईमेलमध्ये पत्ते आणि सबनेट पाठवले त्याच ईमेलमध्ये किल्ली पाठवू नका. किल्ली माहीत असलेलं कुणी नोकरी सोडून गेलं, की त्याच आठवड्यात बदला. टनेल दहाच्या वर गेले असतील तर सर्टिफिकेटकडे वळा, पण मग राउटरची घड्याळं एनटीपीवर (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सोयीवर) हवीत. वीज गेल्यावर घड्याळ मागे जाणारा राउटर चांगलं सर्टिफिकेटही 'अजून लागू नाही' म्हणून नाकारतो. आणि तो एनटीपी सर्व्हर टनेलच्या पलीकडे असता कामा नये.

राखीव टनेलची चाचणी कशी घ्यावी?

केबल काढून. सेटिंगमधून टनेल 'डिसेबल' करणं ही वेगळी घटना आहे, कारण तेव्हा राउटर समोरच्याला निरोप देऊन जातो. खऱ्या बिघाडात निरोप येत नाही, डीपीडीला (समोरचा जिवंत आहे का हे तपासणाऱ्या सोयीला) स्वतःच ओळखावं लागतं. दहा सेकंदांचं अंतर आणि तीन प्रयत्न ठेवले असतील, तर साधारण अर्धं मिनिट गृहीत धरा. केबल वॅन बाजूचीही काढून बघा आणि मोडेमच्या पुढचीही. मोडेम चालू राहिला तर राउटरला लिंक जिवंतच दिसते. परत जोडल्यावर वाहतूक मूळ वाटेवर येते का, तेही बघायचं राहून जातं.

नजर कशावर ठेवावी?

इकडच्या लॅनमधून तिकडच्या लॅनमधल्या कायम चालू असणाऱ्या एखाद्या यंत्राला दर मिनिटाला पिंग, आणि त्याच यंत्रावरच्या एखाद्या टीसीपी पोर्टची तपासणी. पाच मिनिटांतून एकदा १३०० बाइटचा, तुकडे न करणारा पिंग, म्हणजे एमटीयू कुणी बिघडवला तर तेव्हाच कळेल. हेच पलीकडूनही लावा. दोन्ही राउटरांचे लॉग टनेलवर अवलंबून नसलेल्या जागी पाठवा आणि त्यांत रीकी फसल्याच्या ओळीवर अलर्ट बसवा. फोन तुटल्याची तक्रार येण्याआधी काही मिनिटं ती ओळ तिथे आलेली असते.